दादांचा वाढदिवस आणि बुकिंगचं बटण

"आंधळ्या माणसाला वेबसाइट कशाला लागते, मॅडम? सोबत कुणी ना कुणी असतंच की त्यांच्या."

धुळ्यातल्या सलूनचे मालक प्रमोदभाऊ हे मला विचारत होते. बोलावलं त्यांनीच होतं. दोंडाईच्याच्या मनीषाताईंनी त्यांना फोनवर चांगलंच झापलं होतं, म्हणून. मनीषाताई शाळेत इतिहास शिकवतात. त्यांना दिसत नाही. त्यांचं लग्न ठरलं होतं आणि नवरीचं बुकिंग भाऊ फक्त साइटवर घेत. फोनवर घेतलं की ओळखीचे घुसतात, असं त्यांचं म्हणणं.

मी वेबसाइटी बनवते, बिघडलेल्या दुरुस्तही करते. ही भाऊंच्या फ्लेक्सवाल्याने बनवली होती. त्यामुळे साइट म्हणजे एकावर एक लावलेले फ्लेक्स. रेट कार्डचा फोटो, वेळांचा फोटो, बटणावरही अक्षरं नाहीत, नुसतं चित्र. न दिसणारी माणसं फोनमधला स्क्रीन रीडर वापरतात. तो पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. चित्राला मागून शब्द जोडलेले नसतील तर तो बिचारा फक्त "इमेज" म्हणतो.

मी जळगावला परतून सगळं पुन्हा टाइप केलं, बटणांना नावं दिली. मनीषाताईंनी फोनवर तपासून दिलं.

"साडी वहिनीने निवडली, हॉल काकांनी," त्या म्हणाल्या. "नवराही आधी सगळ्यांनी पाहिला, मग मला भेटवला. निदान केस तरी मी ठरवते."

लग्नतिथींचं बुकिंग सोमवारी सकाळी उघडणार होतं. त्या दिवशी त्यांचा फोन आला, तो रडवेला.

"अहो, माझा फोन 'इमेज, इमेज' करतोय. पुढेच जात नाही."

मी साइट उघडली. पूर्ण पडदाभर भाऊंच्या वॉर्डातले एक दादा. गॉगल, हार, शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. कोपऱ्यात बंद करायची फुली होती, पण ती चित्रातच काढलेली. डोळस माणूस तिच्यावर बोट ठेवून पुढे जाई. मनीषाताई दादांपाशीच अडकल्या होत्या.

मी तिरीमिरीत भाऊंना फोन लावला. "हे कुणी टाकलं?"

"फ्लेक्सवाल्यानं. दादाना वाढदिवस शे, ताई! बठ्ठा लोके देखतस." घाईत भाऊ अहिराणीवर आले होते. सगळे लोक बघतात, म्हणे.

"भाऊ, हे आत्ताच्या आत्ता काढा."

"आज कसं काढू? दादा स्वतः बघतील ना!"

शेवटी मीच काढलं. तोवर मनीषाताईंच्या लग्नाच्या सकाळची जागा दुसऱ्या नवरीने घेतली होती. त्या दिवशी तिथी दाट होती, रिकामी खुर्ची राहणार कुठून?

"दुपारचं देतो ना," भाऊ म्हणाले. "माणूस पाठवा कुणीतरी त्यांच्याकडचा, ॲडजस्ट करू."

"लग्न सकाळी आहे, भाऊ. आणि माणूस पाठवायचा नव्हता, म्हणून तर हा सगळा खटाटोप."

भाऊ खरंच वरमून म्हणाले, "चुकलंच माझं. मी त्यांना सांगतो तसं." मलाही जरा बरं वाटलं. निदान माणसाला कळलं तरी.

मनीषाताईंचे केस वहिनीच्या मावसबहिणीने बांधले. कसे, ते त्यांना कुणी विचारलं नाही. "फोटो छान आलेत म्हणतात," एवढंच त्या मला म्हणाल्या.

या धंद्यात एक शिकले. साइट एकदा दुरुस्त करून भागत नाही. मालकाच्या ओळखीत किती दादा आहेत, तेही आधी विचारून घ्यावं लागतं.

लग्नानंतर मनीषाताईंनी मला व्हॉट्सॲपवर काहीतरी पुढे पाठवलं. खाली लिहिलं होतं, "सलूनमधून आलंय. माझा फोन 'इमेज' म्हणतो. बघता का जरा?"

मी उघडलं. गुलाबाची चौकट, दोन मोर, सलूनचा लोगो आणि मधोमध सोनेरी अक्षरांत भाऊंनी त्यांची मनापासून माफी मागितली होती.