गवताची पहिली मूठ
काल अंगणातलं जुनं लॉन खणलं, आणि सुकलेल्या मुळांच्या वासाबरोबर साठच्या दशकातलं भिलाईचं क्वार्टर आठवलं. मी घराण्यातली पहिली बी.ए.; स्टील प्लांटच्या शाळेत नोकरी लागली आणि क्वार्टर माझ्या नावावर मिळालं. पुढचं लॉन उन्हानं पार जळलेलं होतं. आईनं आणि मी ते उपटलं, माती भुसभुशीत केली, शेणखत घातलं, नवं बी आणलं. आमच्यात पेरणीची पहिली मूठ सवाष्णीनं टाकायची रीत. मी बियांचं सूप आईपुढे धरलं, तशी ती मागे सरली. वडील गेल्यापासून ती कशातच पुढे होत नसे. कुंपणापलीकडून शेजारच्या काकी म्हणाल्या, "कावून हट्ट करून राहिली वं पोरी? बिनाकुंकवाच्या हातची मूठ उगवत नाही." मी तोंड उघडणार, तोच आई म्हणाली, "बाई, प्लांटच्या पायव्याची गिट्टी याच हातानं वाहिली. तवा त कोणी कुंकू नाही पाहिलं." आणि तिनं मूठ भरली. बी एकसारखं पडलं. मागच्या वर्षी माझे यजमान गेले. आज सकाळी सुनेनं बी पुढे केलं, आणि मी मागे सरले नाही.