विहिरीच्या पाळीतली रिकामी जागा

आमच्या विहिरीत चौघांचा वाटा आहे. माझे सासरे, त्यांचे दोन धाकटे भाऊ आणि एक चुलतभाऊ. पाणी पाळीनं घ्यायचं, आणि पाळी कुणाची यावरून बांधावर रोज तोंडं वाजायची, कारण लाईट कधी दिवसा, कधी रात्री, कधी गायबच. ‘काल लाईटच नव्हती, मग माझी पाळी कशी गेली?’ हे मी लग्न होऊन तेलगावजवळच्या या गावात आले तेव्हापासून ऐकत होते. मी घरी बसून एका कंपनीसाठी जावास्क्रिप्ट लिहिते. एकदा कान किटले आणि मी फोनवर उघडणारं एक पान करून दिलं. ज्याची पाळी त्याचं नाव सगळ्यात वर. त्यानं पाणी घेऊन झालं की बटण दाबायचं, नाव वरून निघतं आणि तळाशी जातं. आत एक ॲरे, म्हणजे नावांची ओळ. शिफ्टनं पहिलं नाव काढायचं, पुशनं तेच शेवटी लावायचं. काम एवढंच.

धाकल्या मामांना, म्हणजे सगळ्यात धाकट्या चुलत सासऱ्यांना, कुठून तरी कळलं की ओळीतल्या पहिल्याचा नंबर शून्य असतो. ‘आमी काय शून्य हाय का?’ म्हणून रुसले. बटण दाबलं की तुमचं शून्य दुसऱ्याला जातं, असं सांगितल्यावर कुठं खुलले. मधल्या मामांना असलं काही पडलेलं नव्हतं. ते दारं धरून, म्हणजे वाफ्यांना पाणी देऊन, आले की ओट्यावर टेकायचे, जाड बोटानं बटण दाबायचे आणि फोनला सांगायचे, ‘घे, झालं माझं.’ मला त्याचं लई हसू यायचं.

तेच मधले मामा एका सकाळी उठलेच नाहीत.

तेरावं व्हायच्या आतच धाकले मामा मला म्हणाले, ‘त्याचं नाव काढून टाक आता.’ नाव काढायला काय, स्प्लाइस लिहिलं की त्या जागेचा माणूस निघतो आणि मागचे सगळे एकेक घर पुढं सरकतात. मागं कोण होतं? धाकले मामाच. माझा हात चालेना. मी नुसतं डिलीट लिहिलं. डिलीटनं माणूस जातो, पण त्याची जागा तशीच राहते. ओळ एकानंही कमी होत नाही, मधे भोक पडतं. कामात कुणी असं लिहिलं तर मी त्याला फाडून खाते.

त्या भोकाची पाळी आली आणि फोनवर सगळ्यात वर लिहून आलं, अनडिफाइन्ड, म्हणजे इथं कुणीच नाही.

‘ह्यो कोन?’ धाकले मामा ओट्यावर फोन घेऊन उभे. ‘भावकीत तर असा कुनी न्हाई. सूनबाई, तुला नीट काढायला सांगितलं होतं. कशाला ठिवलंस?’

मला चीड आली. मधल्या आत्या, म्हणजे गेलेल्या मामांच्या मंडळी, सुतकामुळं घरात बसून होत्या. रानात त्यांचा कांदा पोसायला लागलेला. ही पाळी चुकली की कांदा तिथंच बसणार, आणि त्या कांद्यावरच त्यांचं वर्ष होतं. शेजारच्या वावरात धाकल्या मामांची वांगी होती, तेही मला दिसत होतं. पण सासऱ्यांच्या भावाच्या तोंडी कसं लागायचं? मी पदर नीट केला आणि आपल्या सासऱ्यांकडं वळले. ‘मामा, नाव काढते. पण तिथं कुणाला बसवू तेवढं सांगा.’

सासरे सुपारी कातरत होते. ‘बसवायचं कुनाला?’ धाकले मामाच बोलले. ‘बाईमानूस रातीबेराती मोटार चालू करनार हाय का?’

‘इतके दिवस मोटारीपाशी कोण थांबायचं?’ मी म्हणाले. आवाज चढलाच माझा. ‘मधले मामा दारं धरायचे आणि स्टार्टरपाशी आत्या असायच्या. गावाला माहीत आहे.’

सासऱ्यांनी अडकित्ता खाली ठेवला. ‘रान तर तिथंच हाय की,’ ते म्हणाले. ‘पाणी लागंलच त्याला. तिचं नाव घाल.’ धाकले मामा चपला घालून निघून गेले.

स्प्लाइसची एक गोष्ट मला फार आवडते. काढताकाढता तिथंच दुसरं बसवता येतं, कोडच्या एकाच ओळीत, आणि मागच्या कुणाला हलावं लागत नाही. माझे कंपनीतले लोक म्हणतील, नुसतं नाव बदललं असतं तरी भागलं असतं. भागलं असतं. पण मला ते तसंच लिहायचं होतं. अडलं एका ठिकाणी. सगळे त्यांना मधली म्हणतात, मी आत्या म्हणते, नाव मला ठाऊकच नाही. त्यांच्या घरी जाऊन विचारलं. त्यांनी हळूच सांगितलं. सुंदर नाव होतं. इतक्या वर्षांत मी ते एकदाही ऐकलं नव्हतं, याचं मला वाईट वाटलं.

सुतक फिटलं नव्हतं, तरी सासऱ्यांनीच सांगितलं म्हणून त्या रानात गेल्या. दिवस मावळायला आमच्या ओट्यावर आल्या, पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरलेले. मी फोन पुढं धरला. वाचता त्यांना बेताचंच येतं. वरच्या नावावर बोट फिरवून म्हणाल्या, ‘ह्यी मीच का?’ मी हो म्हणाले. त्यांनी बोट पदराला पुसलं, बटण दाबलं, आणि फोनला म्हणाल्या, ‘घे, झालं माझं.’