गालावरची फुली

उजव्या गालात कळ सुरू झाली तेव्हा मी दाढेलाच धरलं. गाल दुखतो म्हणजे दाढ, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. क्रांती चौकातल्या दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून सांगितलं, दाढा चांगल्या आहेत. मी ऐकेन तर शपथ. त्यांच्या मागे लागून दोन दाढा काढून घेतल्या. कळ तशीच राहिली. भाकरी तेवढी डाव्या बाजूनं चावू लागले.

पडेगावात घरीच मी साड्यांना फॉल-पिको करते. लग्नसराईत सकाळपासून मान मशीनवर वाकलेली. कळ आली की डोळ्याखालून कानापर्यंत चटका जायचा आणि हातातली साडी तशीच राहायची.

शेवटी आईनं बिब्बा काढला. सुईला टोचून दिव्यावर धरला, तेल सुटलं तशी माझ्या गालावर फुली मारली. तिच्या माहेरी कुठल्याही दुखण्याला हेच.

"लई जुनाट दुखणं हाय, पण निघंल," ती म्हणाली.

बिब्बा उतला. गाल सुजला, फोड आले, आणि काळी फुली कायमची राहिली. शेजारणी बोलताना माझ्या डोळ्यांकडे नाही, गालाकडे बघतात. मला त्याचा अजून राग येतो.

वर्षभरानं हाडांच्या डॉक्टरांनी मानेत, कवटीच्या खाली, अंगठा दाबला आणि कळ थेट गालात उठली.

"ताई, दुखणं मानेचं आहे. वरचे मणके झिजलेत. गालात नुसतं जाणवतं."

"मग माझ्या दाढा?" मी विचारलं.

मान वाकवायची नाही, म्हणाले. मान न वाकवता पिको कसं करायचं, ते काही सांगितलं नाही. पट्टा बांधला, शेक घेतला, व्यायाम केले. चार दिवस बरं, पाचव्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. आता सकाळी माझ्याआधी गाल जागा होतो. जगण्याचाच वीट आलाय, पण हे कुणाला सांगत नाही.

गेल्या आठवड्यात आईला मात्र मणक्यांचं सांगितलं. तिनं माझ्या गालाकडे बघितलं. मग उठून तिनं फडताळातला बिब्ब्यांचा डबा काढला.

"मंग आपलं चुकलंच की. फुली मानंवर पाह्यजे व्हती."

बिब्ब्यानं काय होतं ते मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी केस वर धरले आणि तिच्यापुढं मान वाकवली.