वहीतले पेन्सिलचे ठिपके

परवाच्या रविवारी दहा नवे इंग्रजी शब्द पाठ केले, आणि म्हणून दाखवायला घरात कोणीच नव्हतं...

सुदामा नगरच्या घरात आता मी एकटीच असते. ऑफिसात परदेशी क्लायंटना मेल लिहावे लागतात, म्हणून चार वर्षांपासून वहीत कठीण शब्द उतरवते. मेटिक्युलस, रेझिलिअंट, असले. डावीकडे शब्द, उजवीकडे मराठी अर्थ.

दर रविवारी परीक्षा आई घ्यायची. तिला इंग्रजीचा गंधही नव्हता. ती अर्थ वाचणार, मी शब्द सांगणार, आणि तिचा निकाल ठरलेला... "चटकन बोललीस, म्हणजे येतंय. पुढे." मीही लबाड, अडलं की काहीतरी ठोकून द्यायचे.

आई जाऊन आठ महिने झाले. आता मोबाइलवरचं ॲप परीक्षा घेतं, एक चूक सोडत नाही. पण सगळे शब्द बरोबर आले तरी नंतर पोहे टाकू का, असं कोणी विचारत नाही. खरं सांगते, रविवारी घर खायला उठतं.

परवा शेजारच्या भाभी डबा परत द्यायला आल्या. मी चहा ठेवला तोवर त्या जुनी वही चाळत बसल्या. म्हणाल्या, "दीदी, कुछ शब्दों के आगे ये पेन्सिल के डॉट कैसे?"

मी ते कधी पाहिलेच नव्हते. नीट बघितलं, तर ठिपके नेमके त्याच शब्दांपुढे होते जिथे मी आईला दर वेळी थापा मारल्या होत्या. शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात ए ते झेड, आणि प्रत्येकाखाली मराठीत उच्चार...

मी ऑफिसात असताना शिकली असणार. माझी चूक तिला कळायची, तरी "पुढे" म्हणायची. चुका काढल्या असत्या तर मी वही मिटून उठले असते, हे ती ओळखून होती. तिला फक्त माझ्याजवळ अर्धा तास बसायचं होतं.

भाभींनीच उठून चहा गाळला आणि कप माझ्यापुढे ठेवला. त्यांचे उपकार मानते.

आज मला रविवारी जे एकटं वाटतं, ते आईला रोज सकाळी दहा ते संध्याकाळी सात वाटत होतं... आणि मी घरी येऊन शब्द पाठ करत होते.