तान तोमासा आणि अर्धं मत

माझी आत्या तोमासा क्विनाता हिला अख्खं उमाताक गाव तान तोमासा म्हणतं. वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे तान म्हणतात आणि बाप्याला तुन, एवढा मान ग्वाम बेटावर फुकट मिळतो. तिनं शाळेच्या भटारखान्यात तीस वर्षं पोरांना वाढलं. त्याहून जास्त वर्षं तिनं गावात पक्षाची प्रायमरी चालवली, आणि त्याबद्दल तिला आजवर एक टोपी मिळाली. तीही मोठी होते.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही अमेरिकेचे नागरिक, पण ग्वाम हे तिथलं राज्य नाही. अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी पक्षानं कुणाला उभं करावं, हे ठरवायला आम्हाला बोलावतात. ती प्रायमरी. मग नोव्हेंबरात खरी निवडणूक लागते, तेव्हा तुम्ही बेटावरचे, तुमचं मत धरत नाहीत. म्हणजे मुलगा पसंत करायला या, लग्नाला मात्र येऊ नका. त्यात आमची हौस दांडगी. नोव्हेंबरातही आम्ही मतपत्रिकेवर अध्यक्षपदाची नावं छापतो, खुणा करतो, मतं मोजतो, निकाल लावतो. तो निकाल पुढं कुणी विचारत नाही.

तान तोमासाचा धाकटा भाऊ तुन गोरो याला या सगळ्याचा मनापासून तिटकारा. व्हिएतनामात त्याचा डावा कान गेला. सैन्यातून सुटल्यावर तो एकवीस वर्षं कॅलिफोर्नियात राहिला आणि तिथं त्यानं पाच वेळा अध्यक्षासाठी मत दिलं. आजी अंथरुणाला खिळली म्हणून तो घरी परतला आणि त्या दिवसापासून त्याचं मत बंद झालं. आजीला सोडून तो पॅरिसला जाऊन मजा मारत बसला असता, तर मतपत्रिका टपालानं त्याच्या दारात आली असती. हे तो भेटेल त्याला सांगतो, आणि लोकांना खोटं वाटतं.

त्याचं म्हणणं असं की, ज्या घरात आपल्याला पंगतीला बसवत नाहीत, त्या घरी भाज्या चिरायला जायचंच कशाला? आपण प्रायमरीत जातो म्हणून त्यांना वाटतं, ही माणसं खूश आहेत. तान तोमासाचं उलट. चार वर्षांतून एकच दिवस समुद्रापलीकडे कुणीतरी आपली डोकी मोजतं; तेवढंही सोडलं तर आपण आहोत हे त्यांना नकाशा बघूनच कळायचं. या वादावर दोघांनी तीस वर्षं काढली. पण मतदानाला आलेल्यांना उपाशी पाठवणं तुन गोरोला जमेना. म्हणून जिथं मतदान होई त्या गावच्या सभागृहाबाहेर भट्टी लावून तो दर वेळी सगळ्यांसाठी बरगड्या भाजायचा आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचा नाही. लोक मतासाठी येत की बरगड्यांसाठी, हे तान तोमासानं कधी तपासलं नाही.

या खेपेला मात्र ती स्वतः उभी होती. आमच्या केंद्रातून याच प्रायमरीत निवडलेला एक प्रतिनिधी पक्षाच्या महाअधिवेशनाला जाणार होता. ज्या सभागृहात ग्वामचं नाव पुकारून मतं विचारतात, तिथं एकदा बसायचं, एवढीच तिची इच्छा. आठवड्यातून तीनदा तिचं रक्त यंत्रातून धुवावं लागतं. चार वर्षांनंतरचं तिचा डॉक्टर काही बोलायला तयार नव्हता. समोर बेटाच्या राजधानीत वकिली करणारा तायमांग्लो होता. गावात त्याची गाडी सगळ्यांनी पाहिली होती, त्याला फारसं कुणी पाहिलं नव्हतं.

प्रायमरीच्या दुपारी, अध्यक्षपदाच्या ज्या उमेदवाराच्या बाजूनं ती उभी होती, त्याचा माणूस वॉशिंग्टनहून आला. गोरापान पोरगा, घामानं डबडबलेला, गळ्यात टाय. सारं उमाताक त्याच्या मनात वसलं आहे, असं त्यानं सांगितलं, पण गावाचं नाव दोनदा चुकला. त्यानं तीन वाट्या तांबडा भात आणि सहा बरगड्या खाल्ल्या, तेव्हा गाव त्याच्यावर खूश झालं. तुन गोरोनं त्याला भट्टीपाशी गाठून विचारलं की, नोव्हेंबरात आमची मतं कुठं जातात? तो म्हणाला, प्रश्न फार महत्त्वाचा आहे. आणि त्यानं आणखी एक बरगडी घेतली.

सव्वातीनला तो निघाला. आमच्या रिवाजाप्रमाणे माझ्या बायकोनं त्याच्यापुढं बालुतान धरलं. बालुतान म्हणजे पाहुण्यानं घरी न्यायचा जेवणाचा पुडा, चांदीच्या कागदात बांधलेला. तो हसून म्हणाला, विमानात नेता येणार नाही, पोटही भरलंय. आणि गाडीत बसून गेला.

सभागृहातल्यांनी हे दारातून पाहिलं. आमच्याकडे पुडा नाकारणं म्हणजे, तुमच्या घरी माझं येणं संपलं, असं सांगणं. ज्यांनी अजून मत दिलं नव्हतं ते एकमेकांकडे बघायला लागले. तान तोमासाचं नाव त्याच्या उमेदवाराशी बांधलेलं होतं. माझ्यासमोर पाच-सहा जणांनी वकिलाच्या नावापुढं खूण केली आणि जाताना तान तोमासाचा हात नाकाला लावून आदरानं नमस्कारही केला. राग पाहुण्यावर, मार बाईला. आमचं राजकारण एवढं सरळ आहे.

तुन गोरो हातातला चिमटा ठेवून दारापाशी आला.

"किती कमी पडतायत?" त्यानं बाहेरूनच विचारलं.

"मोजल्याशिवाय कसं सांगू?" ती म्हणाली. "पण तू आलास तर बरं होईल, चेलू."

चेलू म्हणजे भावंड; सख्ख्या भावाला चेलू म्हणणं ही काही मोठी गोष्ट नाही. पण मत द्यायला ये, असं तिनं त्याला तीस वर्षांत पहिल्यांदाच म्हटलं होतं.

त्यानं हात पुसले. मग म्हणाला, "येतो. आधी त्या गाढवाला पुडा देऊन येतो. माझ्या भट्टीवर जेवलेला माणूस रिकाम्या हातानं बेटाबाहेर गेला, असं नको व्हायला."

मी म्हटलं, चारला मतदान बंद होतं, आधी मत दे, मग जा. त्यानं उजवा कान माझ्याकडे केलाच नाही. गाडी काढली आणि डोंगराच्या वळणावळणाच्या रस्त्यानं तो त्या पोराच्या मागं लागला. ज्यानं आमच्या मताला विचारलं नाही, त्याच्या जेवणाची काळजी करत माझा चुलता आपलं मत गावात सोडून निघून गेला. असली चूक आमच्याशिवाय कोण करणार?

त्यानं पोराला आगात गावच्या पेट्रोलपंपावर गाठलं आणि पुडा त्याच्या मांडीवर ठेवूनच सोडला. परत आला तेव्हा चार वाजून दोन मिनिटं झाली होती. वकिलाचा माणूस टेबलाशी घड्याळाकडे बोट करून उभा होता. तुन गोरोनं पहिल्यांदाच उंबरा ओलांडला. त्याच्या अंगाला धुराचा वास येत होता.

"दे कागद," तो म्हणाला.

तान तोमासानं यादीवर हात ठेवला. तिचं तोंड उतरलं होतं. "चारला बंद झालं, गोरो."

"दोन मिनिटं, तोमासा."

"दोन मिनिटं म्हणजे बंदच."

तुन गोरोला हसू आलं. "शाबास. मी कान देऊन आलो, एकवीस वर्षं राहून आलो, आणि शेवटी माझ्या सख्ख्या बहिणीनंही मला सांगितलं की, तू आमचाच आहेस, फक्त तुझं मत धरता येत नाही."

 मला तिचा इतका राग आला की मी बाहेर जाऊन भट्टीवर पाणी ओतलं. मतं तिनंच मोजली, वकिलाच्या माणसासमोर, दोनदा. वकिलाला सत्तेचाळीस, तिला सेहेचाळीस. तिनं आपल्या हातानं आकडे लिहिले, सही केली आणि राजधानीला फोन लावून वकिलाचं अभिनंदन करा म्हणून सांगितलं.

तुन गोरो तोवर खुर्चीवर बसून होता. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "पुढच्या खेपेला सकाळी आठलाच येऊन बसतो. पहिलं मत माझं. तुला."

"ये," तान तोमासा म्हणाली. "मी नसेन. पण दार चारलाच लावा."

आणि ती माझ्या बायकोला विचारायला लागली की, भावानं दिवसभर काही खाल्लंय का.