डब्यात टांगलेली फणी

नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं आणि आमची राजधानी भोपाळ झाली, त्याच्या पुढच्या चैत्रातली ही गोष्ट. आमची केळी तोवर नागपूरला जात. तिथल्या म्हाताऱ्या आडत्यानं दुकान बंद केलं. तेवढ्यात भोपाळच्या एका व्यापाऱ्याचा निरोप आला. तिकडे कचेऱ्यांची माणसं वाढली आहेत, रेल्वेचा एक डबा भरून पाठवा. माल हिरवा पोचला तर दर आठवड्याला घेईन. पिवळा पोचला तर पुन्हा पाठवू नका.

डब्यात पाच घरांची केळी जाणार होती. बरोबर माझा नवरा जायचा होता. आठ दिवस आधी तो बैलगाडीवरून पडला आणि पाय मोडून बसला. बाकीच्या घरांतले पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. माल पिकला तर दोष जाणाऱ्यावर येणार, हे सगळ्यांना कळत होतं. मी म्हटलं, मी जाते. यात धाडस काही नव्हतं. सगळ्यांत जास्त घड आमचे होते.

एक शेजारी म्हणाला, "वहिनी, भोपाळात चूल नाही पेटवायची. बोलायचं आहे."

"चुलीपुढं मी तुमच्यापेक्षा जास्त बोलते," मी म्हटलं. लोक हसले. मला मात्र त्या रात्रीपासून अन्न गोड लागेना. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, खंडव्याच्या पुढे कधी गेले नव्हते. सोबतीला माझे चुलत सासरे निघाले. त्यांना मी काकाजी म्हणत असे.

बुऱ्हाणपूर स्टेशनावर माल भरला. घड उभे रचले, मधे वाळलेली पानं दाबली. तेवढ्यात सासूबाई आल्या. इच्छापूरच्या देवीपुढं ठेवलेली केळीची फणी त्यांनी लाल कापडात आणली होती. फणी चांगली पिकलेली, पिवळी. आमच्याकडे नवं काम देवीला दाखवल्याशिवाय सुरू होत नाही. त्यांनी ती डब्याच्या कोपऱ्यात आकड्याला टांगायला लावली.

एक पिकलेलं केळं शेजारचे घड पिकवतं. घरी लग्न असलं की आम्हीच कच्च्या घडांत पिकलेली फणी खुपसून कोठीचं दार लावत असू. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. बाई पुढारी झाली आणि पहिल्याच दिवशी तिनं देवीला बाहेर काढलं, असं कोणी म्हणेल याची मला भीती वाटली. दार हवेसाठी वीतभर उघडं ठेवून साखळीला कुलूप लावलं. किल्ली काकाजींनी करगोट्याला बांधली.

डबा आमच्याच गाडीला मागे जोडला होता. सकाळी इटारसीला तो गाडीपासून तोडून बाजूला उभा केला. दुपारच्या गाडीला लावू, स्टेशनचा बाबू म्हणाला. दुपारी म्हणाला, उद्या. ऊन असं की पत्र्याला हात लावता येईना. मी डब्याच्या सावलीत बसले. दर थोड्या वेळानं उठून फटीला नाक लावी. संध्याकाळपर्यंत नुसता पानांचा वास होता. दुसऱ्या सकाळी गोड वास आला.

"काकाजी, किल्ली द्या."

"कशाला?"

"फणी काढायची."

"देवीचा प्रसाद आहे, सूनबाई. घरी काय सांगशील?"

"प्रसाद खायचा असतो. टांगून कोणाचं पोट भरतं?"

ते किल्ली देईनात. बसल्या जागी त्यांनी धोतर आवळून धरलं. मी म्हटलं, "तुमचे घड त्याच कोपऱ्यात आहेत." मग त्यांनी गाठ सोडली.

आत गेले तर फणीच्या खालचे अकरा घड पिवळे पडले होते. मी ते उतरवले. प्रसाद हमालांना वाटला, पहिलं केळं काकाजींच्या हातावर ठेवलं. त्यांनी डोळे मिटून खाल्लं आणि म्हणाले, "गोड आहे." मला रडू येत होतं, पण हमाल आणखी मागत होते, म्हणून त्या पिवळ्या घडांतलीही केळी वाटली. बाबूलाही दिली. त्यानं डबा पुढच्याच गाडीला लावला. एक दिवस आधी ते सुचलं असतं तर.

भोपाळपर्यंत मी बाकावर टेकले नाही. उरलेल्यांत आणखी किती घडांचा रंग फिरला असेल, एवढंच डोक्यात. व्यापारी डब्याशी आला. त्यानं आत पाय टाकायच्या आधी मी सांगितलं, "अकरा घड वाटेत पिकले, ते उतरवले. पिकलेली फणी आत होती. मला दिसत होती, मी राहू दिली."

तो म्हणाला, "बाई, न बतातीं तो मुझे क्या पता चलता?"

"उद्या आणखी पिकले तर पता चलता," मी म्हटलं.

त्यानं घड दाबून पाहिले, खालचे वर करून पाहिले. बराच वेळ लावला. माल उतरवून घेतला, पण दर आठवड्याचं बोलला नाही. "एक डिब्बा और भेजो. फिर देखेंगे. साथ कौन आएगा?"

"मीच."

घरी पाचही घरांपुढं सगळं सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, "भरतानाच का नाही बोललीस?"

"भ्याले."

"मला?"

"सगळ्यांनाच."

त्या उठून आत गेल्या.

दुसरा डबा भरत होतो तेव्हा त्या पुन्हा लाल कापड घेऊन स्टेशनावर आल्या. या वेळी बोलायचं ठरवून मी पुढं झाले. पण डब्याकडे न जाता त्या फलाटावरच बसल्या, कापडातली फणी सोडली आणि माल भरणाऱ्या प्रत्येकाला एकेक केळं देऊ लागल्या. शेजाऱ्याला म्हणाल्या, "इथंच खा. आत नेलंस तर बघ." मग सगळ्यांकडून सालं मागून घेतली, केळ्यांइतकी भरली का ते मोजलं आणि ओच्यात बांधून घरी गेल्या.

मी कुलूप लावलं. किल्ली या वेळी माझ्याच कमरेला होती.