होटगीच्या माळावरची सात माणसे

सोलापूर स्टेशनात गाडी सकाळी शिरली तेव्हा ती बावीस मिनिटे उशिरा होती. पुण्याचे एक प्राध्यापक फासेपारधी लोकांच्या चालीरीतींचा अभ्यास करीत होते. मी शाळेत गणित शिकवतो; माझे अक्षर आणि बेरीज चांगली म्हणून त्यांनी मला आठ दिवसांसाठी मदतीला घेतले. ते मागून यायचे होते. मी पुढे जाऊन शिकार आणि लग्न या दोन विषयांची प्रश्नपत्रके भरून ठेवायची, असे ठरले होते.

टांगेवाल्याला सेटलमेंट (सरकारने या जमातींना कुंपणात ठेवलेली वसाहत) सांगताच त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"वां क्या काम तुमना? पोलिसात हैं?"

"नाही, माहिती लिहायला आलो."

"लिखो, लिखो. वो लोगां कू बी हसने दो जरा."

तारेच्या कुंपणाला एकच फाटक होते. आतली माणसे गिरणीत कामाला जात आणि दिवस मावळताना फाटकाशी हजेरी देत. कायद्याने सगळी जमातच गुन्हेगार ठरवलेली. कालचे तान्हे मूलही त्यातच. बाहेर जायला पास लागे.

माझी गाठ पहिल्यांदा दगडूबाबाशी पडली. साठीचा, काटक, डोळे सतत हसरे. त्याच्या नातवाचे, मल्हारीचे, लग्न सोमवारी होते. पण ह्या घराण्याची रीत अशी की नवऱ्या मुलाने स्वतःच्या फाशाने लावे (लहान रानपक्षी) धरून मुलीच्या आईच्या पदरात घालायचे. त्याशिवाय मुलगी देत नाहीत. पास न मिळाल्यामुळे लग्न एकदा मोडता मोडता पुढे गेले होते.

मुलीची आई शेवंताबाई चुलीपाशी बसून होती. तिने मला ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा दिला. चटणी इतकी तिखट की मी तीन तांबे पाणी प्यायलो.

"पुण्यात चटणी न्हाय व्हय?" तिने विचारले.

"आहे. पण ती माणसाला बोलू देते."

ती पदराआड हसली, मग गंभीर झाली. "मास्तर, म्होरल्या म्हैन्यात पोरीचा बाप दुसऱ्या सेटलमेंटात जानार. सरकारी हुकूम हाय. ह्या खेपेला लगीन न्हाय झालं तर बापाबिगर व्हईल."

मी पास मागायला वसाहतीच्या व्यवस्थापकांकडे गेलो. ते वाईट गृहस्थ नव्हते, घाबरलेले होते. शिकारीची पद्धत प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय माझे प्रश्नपत्रक पुरे होणार नाही, असे मी त्यांना सांगितले. ते खरेही होते. रविवारी गिरणी बंद. जामीन म्हणून मी सोबत जायचे ठरले.

त्यांनी पासावर लिहिले, 'सहाजण बाहेर, सहाजण आत.'

मी म्हणालो, "साहेब, फाटकातून मीही जाणार. सात लिहा."

"तुम्ही कशाला त्यात?"

"हिशेब चुकतो."

त्यांनी सात केले. खाली लिहिले, 'संध्याकाळच्या हजेरीला एकही कमी असल्यास पास कायमचा बंद.' मी सही केली.

रविवारी उजाडताच आम्ही निघालो: दगडूबाबा, मल्हारी, आणखी चार पुरुष, मी आणि एक तांबूस गाय. गाय कशाला, ते मला कळेना. होटगीच्या अलीकडे साडेचार मैलांवर माळ लागला. माघातले कोवळे ऊन, पिवळे गवत, मधूनच बाभळ. कुंपणाबाहेर पडल्यावर या माणसांची चालच बदलली. कुणी गात होता, कुणी दुसऱ्याच्या पागोट्यात कुसळे खोचत होता.

मल्हारीने गवतात बारीक दोरीच्या फाशांची रांग लावली. मग गायीच्या आड वाकून तो चालू लागला. गाय दोन पावले टाकी, मान खाली घाली, चरल्यासारखे करी, पुन्हा दोन पावले. पक्ष्यांना वाटे, गुरूच आहे. ते न उडता पुढे पुढे सरकत आणि फाशात पाय देत. इतकी शांत, इतकी हुशार शिकार मी पाहिली नव्हती. दुपार कलेपर्यंत सोळा लावे मिळाले. मी 'सोळा' लिहिले आणि बाबाने टोपलीतून एक नर आणि एक मादी काढून उडवून दिली.

"अहो बाबा, मी लिहिलं की!"

"खोडा. समदंच धरलं तर उद्याला माळावर कोन ऱ्हाईल?"

मी खोडून चौदा केले.

यानंतरची चूक माझी. फाशांच्या रांगेची लांबी पावलांनी मोजत मी मागे मागे चाललो होतो. एकशे अकराव्या पावलाला उंदराच्या बिळात पाय गेला आणि घोटा मुरगळला. उभे राहता येईना. सूर्य कासराभर उरलेला.

"तुम्ही पुढे जा," मी म्हणालो. "माझ्यासाठी मागून टांगा पाठवा."

"सात कुनी लिवलं?" बाबाने विचारले.

मी स्वतःकडे बोट दाखवले.

"सात लिवलंय तर सातच जाऊ की!"

त्यांनी मला गायीवर बसवले. गाय दोन पावले चालली, थांबली, मान खाली घालून चरू लागली. माळावर माणूस अंगाला चिकटला की शिकार चालू आहे, एवढेच तिला ठाऊक. घड्याळ लावून पाहिले: पाच मिनिटांत चाळीस पावले. मल्हारीने शेपटी पिरगाळली, तशी ती आणखीच सावध झाली. सगळे पोट धरून हसू लागले. मलाही हसू आवरेना, पण मल्हारीचे हसू लवकर संपले. तो सूर्याकडे पाहत होता.

बाबाने घोंगडे अंथरले. मला त्यात घालून चौघांनी चार कोपरे खांद्यावर घेतले आणि धावायला सुरुवात केली. गाय आता मोकळी, ती आमच्या पुढे उधळली!

"मास्तर, खाता काय तुमी?" खांदा देणारा एकजण म्हणाला.

"वह्या टाकू का?" मी झोळीतून विचारले.

"वह्या ऱ्हाऊ द्या. प्वाट टाका!"

प्रत्येक फर्लांगाला खांदे बदलत. फाटक दिसले तेव्हा हजेरी सुरू झाली होती. व्यवस्थापक आमचीच नावे वाचत होते. "हजर!" "हजर!" धापा टाकत एकेकजण ओरडला. सातवे नाव माझे. मी घोंगड्यातून हात वर केला. "हजर!"

व्यवस्थापकांनी वाकून झोळीत पाहिले आणि शिस्तीचा माणूस असूनही खो खो हसले.

शेवंताबाईने पदर पसरला. मल्हारीने टोपली पुढे केली. तिने आधी विचारले, "जोडी सोडली का?"

"सोडली."

"मग दिली पोरगी."

सोमवारी लग्न झाले. मुलीचा बाप पहाटेपासून नाचत होता. मी मांस खात नाही म्हणून माझ्यापुरता गूळभात वेगळा शिजवला होता. बांधलेला पाय बाजेवर ठेवून मी तीन वेळा वाढून घेतला.

पुण्याला परतलो तो लंगडतच. जो तो कारण विचारी, मी सांगे, आणि बहुतेकजण एकच शंका काढीत: "मोकळ्या माळावर सहाजण, आणि पळाले नाहीत?" नाही पळाले. पहारा नव्हता, जामीन जायबंदी होता. प्रश्नपत्रकात यासाठी रकाना नव्हता, म्हणून सगळी हकीकत, सहाही जणांच्या नावांसकट, मी कागदाच्या पाठीमागे लिहिली.

प्राध्यापकांचे सोलापूरला येणे राहूनच गेले होते; त्यांनी ती पुण्यातच दोनदा वाचली.

"हे पाठीमागे का लिहिलंत?"

"रकान्यात बसेना."

"मग रकाना बदला. हे पहिल्या पानावर घ्या."

मी त्याच दिवशी सगळे पत्रक नव्याने उतरवून काढले.